पुसण्याआधी नावं वाचणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम संगणकावरचं काहीही पुसण्याआधी दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या. मग पडद्यावरचं एकेक नाव मोठ्याने वाचायच्या. वसईजवळ गोखिवऱ्याला पत्र्याच्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं. तिथे आमचे मालक, म्हणजे साहेब, सारखे घड्याळ बघायचे, पण मॅडमचं वाचन थांबायचं नाही. मला तेव्हा वैताग यायचा.

आम्ही सर्वेक्षणाचे आकडे 'आर' नावाच्या संगणकभाषेत हाताळायचो. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक नाव द्यायचं, त्यामुळे दिवसभरात तिथे नावांचा नुसता पसारा होई. ठरावीक अक्षरं असलेली सगळी नावं, त्यांच्यातल्या माहितीसकट, एका ओळीच्या हुकमाने पुसता येत. सोय मोठी, पण ती अक्षरं एखाद्या नावाच्या पोटात असली तरी ते नावही जायचं. "पुसायला अक्कल लागत नाही रे, काय जाणार ते आधी बघायला लागते," मॅडम म्हणायच्या.

मॅडम तिथल्याच, वसईतल्या नंदाखाल गावच्या. वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरच्या कोळणी आमच्यापैकी कुणाला दारात उभं करत नसत. मॅडमना मात्र त्यांनी घरात बसवून दर्यात बुडालेल्या नवऱ्यांचं, मुलांचं सगळं सांगितलं. "एकदाच सांगा, पुन्हा कोणी विचारायला येणार नाही," असा मॅडमनी शब्द दिला होता. ती सगळी माहिती 'हाउसहोल्ड' या नावाखाली होती. आम्ही जादा प्रत ठेवूया म्हटलं, तर साहेब म्हणाले, "सीडीला पैसे काय झाडाला लागतात?" कागदी फॉर्म तर कपाट हवं म्हणून त्यांनी आधीच रद्दीत घातले होते.

मॅडम गावच्या सणाला रजेवर असताना साहेबांना साफसफाईची हुक्की आली. जुन्या, नको असलेल्या गोष्टींच्या नावात आम्ही 'ओल्ड' लिहायचो. साहेबांनी 'ओल्ड' असलेलं सगळं पुसून टाकलं. इंग्रजीत 'हाउसहोल्ड'च्या शेवटीही तीच अक्षरं असतात, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. बंद करताना यंत्राने विचारलं, साठवू? साहेबांनी ऐटीत होय म्हटलं, आणि आधीच्या साठ्याच्या जागी हा पुसलेलाच साठा कायम झाला. खेळ खलास.

ज्या संस्थेने काम दिलं होतं, तिला साहेबांनी कळवलं की मॅडमच्या हातून सगळं गेलं. मी जाब विचारला, तर म्हणाले, "कुणाच्या हातून गेलं याने काय फरक पडतो?" असल्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

नवी माणसं तेच प्रश्न घेऊन पाचूबंदरला गेली. मॅडमनी नोकरी सोडली. पुढे एकदा मी त्यांच्याबरोबर वसईच्या बाजारात होतो. ओळखीची कोळीण दिसली, म्हणून मॅडम हसून पुढे झाल्या.

"तुझी मानसं आलती," ती म्हणाली. "माझा पोर पुन्ना बुडवला त्यांनी."

मॅडमनी साहेबांचं नाव घेतलं नाही. मी घेतलं, पण ती ऐकतच नव्हती. तिने भरल्या टोपलीवर ओलं फडकं ओढलं आणि म्हणाली, "आज मासली नाय."