सिंहमानवाला पंचामृत

आधीच सांगते, ती मूर्ती नव्हती. हे वाक्य मी मे महिन्यात मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलंय की आत्ता टाईप करतानासुद्धा माझे दात आवळले जातायत.

मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात पाण्याच्या पंपांच्या कॅटलॉगमध्ये फोटो चिकटवते. दिवसभर. पंप, पंप, पंप. आणि डोक्यात काय असतं? गुहा! अश्मयुगातल्या गुहा आणि त्यात सापडलेल्या चिमुकल्या कोरीव आकृत्या. घोडा, पाणपक्षी, मॅमथ. पण माझा जीव खरा अडकलाय तो सिंहमानवात. जर्मनीतल्या एका गुहेत तो तुकड्या-तुकड्यांत सापडला आणि लोकांनी वर्षानुवर्षं बसून ते तुकडे जोडले. मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला, साधारण चाळीस हजार वर्षांपूर्वीचा. अंग माणसाचं, तोंड सिंहाचं. विचार करा ना, समोर नसलेला प्राणी कुणीतरी आधी डोक्यात बनवला आणि मग हस्तिदंतात!

तर एका म्युझियममध्ये मुलांना अशा गोष्टी दाखवायच्या नोकरीची जागा निघाली. अट एकच होती. जुन्या पद्धतीनं स्वतः बनवलेली एक वस्तू इंटरव्यूला आणायची, आणि ती त्यांच्याकडेच राहणार, मुलांना हाताळायला. मी तर उडालेच. पंपांमधून सुटका!

मॅमथ कुठून आणू? मी शारजाच्या जुन्या बाजारातून उंटाचं हाड आणलं. साफ करून वाळवलेलं, सुऱ्यांच्या मुठींसाठी विकतात ते. बाबांनी गाडीतून नेलं आणि एवढंच म्हणाले, “आईला हाड हा शब्द सांगू नकोस.” आमचं घर कट्टर शाकाहारी आहे. अंडंसुद्धा बाबा जबल अलीला, त्यांच्या कामाच्या गोडाऊनच्या कँटीनमध्ये खातात.

आख्खा हिवाळा मी बाल्कनीत बसून गारगोटीच्या कपच्यांनी ते खरवडलं. डेंटिस्टकडे येतो ना, तस्सा वास येतो. अंगठा कापला, नखं गेली. शेवटी मधल्या बोटाएवढा सिंहमानव उभा राहिला. मूळ आकृतीच्या डाव्या दंडावर आडवे चर आहेत, तेही कोरले. कातड्याच्या तुकड्यानं घासून चमकवला, हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी दार उघडलं तर उदबत्तीचा वास.

सिंहमानव देव्हाऱ्यात होता. ताम्हनात. डोक्यावर तुळशीचं पान, कपाळाला कुंकू, आणि माझ्या त्या दंडावरच्या चरांत अष्टगंध भरलेलं.

“बाजूबंद किती सुरेख काढलेस गं!” आई म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “आणि नेमकं आज आणून ठेवलंस, नरसिंहजयंतीला. मला वाटायचं हिला काही माहीतच नसतं.”

मला खरंच माहीत नव्हतं!

आमचं कुलदैवत नरसिंह. घरातला चांदीचा टाक गावाला मोठ्या काकांकडे असतो आणि दुबईत आमच्याकडे कॅलेंडरमधून कापलेला फोटो. त्यावर आई दर वर्षी हळहळते. आता सांगा, तिचं काय चुकलं? अंग माणसाचं, तोंड सिंहाचं. मराठी आईला दुसरं कोण दिसणार?

वरच्या मजल्यावरच्या काकूही दर्शनाला आल्या होत्या. “हस्तिदंत आहे का गं?”

“नाही काकू... नॅचरल मटेरियल आहे.”

बाबांना तीर्थ घेताना जोरात ठसका लागला.

“पंचामृतानं आंघोळ घातली,” आई म्हणाली. “दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं घरचं.”

तूप! वाळलेल्या हाडाला! ते सगळं आत शोषलं गेलं होतं. पांढराशुभ्र सिंहमानव पिवळट झाला होता, आणि कुंकवाचा डाग मी हळूच घासून पाहिला तर आणखीच पसरला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. इंटरव्यू दोन दिवसांवर आला होता.

“बाबा, तुम्ही सांगा ना तिला!”

“मी? मला ह्याच घरात राहायचंय.”

आदल्या दिवशी सांगितलंच शेवटी. आई वाती वळत होती. “आई, मला तो उद्या न्यायचाय. आणि तो परत येणार नाही.”

“बसवलेला देव असा पिशवीत घालून नेतात का? काहीतरीच.”

“तो देव नाहीये! तो चाळीस हजार वर्षांपूर्वीचा सिंहमानव आहे. म्हणजे त्याची कॉपी. तेव्हा नरसिंह बिरसिंह कुणी नव्हतं. आणि तो...” आता थांबणं शक्यच नव्हतं. “तो हाडाचा आहे. उंटाच्या.”

ती वात तशीच बोटांत राहिली. मला वाटलं आता गोमूत्र, सोवळं, गावाला फोन, सगळं होणार. तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “शंख तरी काय झाडाला लागतो? तोही कुणाच्या तरी अंगाचाच.” आणि वात खाली ठेवून, अगदी हळू, “म्हणजे माझ्यासाठी नव्हता केलेलास.”

हाडावरून भांडली असती तर मी जिंकले असते.

सकाळी तिनंच त्याला पुसून खणाच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला.

इंटरव्यूला तिघं होते. मधल्या बाईंनी आकृती उचलली, नाकाशी नेली. “तुपाचा वास आहे का हा?” मग कपाळ पाहून खूश झाल्या. “आणि हा लाल रंग! गेरू ना? छान विचार केलास.”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. गुहेतली माणसं गेरू वापरायचीच! पण माझं तोंड कधी माझं ऐकतं? “नाही, माझ्या आईनं पूजा केली,” म्हटलं, आणि मग सगळं भडाभडा सांगितलं. तिघं हसले, प्रश्नावर प्रश्न विचारले, आणि सगळे पंचामृताबद्दल. गारगोटी कशी फोडली, चर कसे पाडले, मी घरी आरशासमोर पाठ केलेलं, त्याबद्दल एक अक्षर नाही. संताप आला मला.

शेवटी त्यांनी ट्रे पुढे केला. “ठेव इथे.”

मी सिंहमानव ट्रेपर्यंत नेला आणि परत खणात गुंडाळला. “हा नाही देता येणार.”

“मग अर्ज अपुरा राहतो.”

“दुसरा आणून देते.”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. महिनाअखेरपर्यंत, मधल्या बाई म्हणाल्या. आख्ख्या हिवाळ्याचं काम, आणि तेही आता ह्या उन्हात! मेट्रोत मी स्वतःलाच इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या बाई सरकून बसल्या.

घरी येऊन मी खणाची पुडी आईच्या हातात ठेवली आणि नुसतं म्हटलं, “शारजाला जायचंय. दुसरं हाड लागेल.” तिनं पुडी उघडून पाहिली, देव्हाऱ्यात ठेवली आणि चपला घातल्या.

दुकानात ती नाकाला रुमाल लावून उभी राहिली. जेमतेम मिनिटभर. मग, “भैया, वो सीधावाला दिखाओ. नहीं, ये तो अंदर से पोकळ है.” माझ्याकडे वळून, “जाड बघून घे. ह्याला नाक नीट काढता येईल. त्याचं बसकं झालंय.”

“आई, मूळचंच तसं आहे!”

“असू दे.”

दुकानदारानं विचारलं, “छुरी की मूठ के लिए, बहनजी?”

“नहीं, इंटरव्यू के लिए,” आई म्हणाली, आणि रुमालानं धरून दोन तुकडे माझ्या हातात दिले. “दोन घे. एक बिघडला तर?”