काचेमागची बडगी

अक्का, अमळनेरचं घर सोडलं त्या सकाळी तू धुळ्याहून येऊ शकली नाहीस, ते बरंच झालं. दारात भंगारवाल्याची हातगाडी उभी होती आणि माझा संसार तिच्यावर चढत होता. प्रशांत गाडीची डिकी उघडून सांगत होता, "आई, पुण्यातला फ्लॅट केवढासा आहे. लागतं तेवढंच घे." हंडा, कोठी, शेवयांचं यंत्र, मला सगळंच लागत होतं. शेजारच्या जिजीने हात धरला. "तठे तुले करमी का, माय?" मी म्हटलं, "दखू, काय व्हस ते."

डिकीत मावलं तेवढं आलं. ह्यांचा अडकित्ता, सासूबाईंचा पितळी तांब्या, आणि भरीत ठेचायची आपली लाकडी बडगी, मुसळीसकट.

पुण्याला आल्यावर पहिले काही महिने माझ्या वस्तू बाल्कनीत खोक्यात पडून होत्या. मग एके दिवशी प्रशांत म्हणाला, "आई, ह्या वस्तूंसाठी मी स्वतः एक पेटी करतो." त्याने सुट्टीच्या दिवशी लाकूडकामाचा क्लास लावला. सागवानाच्या फळ्या आणल्या. हॉलभर भुसा व्हायचा, सून कुरकुरायची, पण मला ते दिवस आवडले. मी पॉलिश पेपरने कडा घासायची आणि तो एकेक वस्तू हातात घेऊन विचारायचा, "हे कुठून आणलं? हे कोणाचं?" कामाला लागल्यापासून तो माझ्याशी इतका बोलला नव्हता. कडांवर त्याने वेलबुट्टी कोरली, प्रत्येक वस्तूच्या मापाचे कप्पे केले. मला वाटलं, माझ्यासाठी कपाट होतंय.

पेटी भिंतीवर चढली. आत मखमल, वर पिवळा दिवा, पुढे काच. काच त्याने सिलिकॉनने चिकटवून टाकली.

"उघडायची कशी रे?" मी विचारलं.

"उघडायची कशाला? धूळ जाईल."

पाहुणे आले की तो दिवा लावायचा. "ही बडगी. पूर्वी आमच्याकडे ह्यात भरीत करायचे." पूर्वी! अक्का, निघायच्या आधल्या आठवड्यातच मी तिच्यात भरीत ठेचलं होतं. पाहुणे काचेला नाक लावून बघायचे आणि मी त्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी असायची.

थंडीत कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जळगावची हिरवी वांगी आली. मी दोन किलो उचलली. घरी येऊन म्हटलं, "प्रशांत, बडगी काढून दे."

"आई, ती आठवण आहे आता. मिक्सरमध्ये कर ना."

माझ्या तोंडून एकदम आपली बोली निघाली. "आठवण मेल्यासनी ठेवतस. मी जित्ती शे आजून!"

 तो हसला आणि त्याने खिशातून मोबाईल काढला. "आई, परत एकदा बोल ना. अस्सल अहिराणी! ग्रुपवर टाकतो."

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी भाजी चिरायच्या सुरीने सिलिकॉन कापलं. काच खाली येताना कोपऱ्यावर तडकली. बडगी काढली, धुतली. वांगी भाजायला आपल्या कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या इथे कुठल्या, गॅसवरच भाजली. मिरची, लसूण, शेंगदाणे घालून ठेचलं आणि जमिनीवर बसून एकटीनेच पोटभर खाल्लं.

संध्याकाळी प्रशांतने भिंत पाहिली. "आई, किती मेहनतीने केलं होतं मी!" त्याचा आवाज फाटला. "तुझं घर गेलं, माझं नाही गेलं का? माझ्याजवळ तेवढंच होतं." तो तिथेच सोफ्यावर बसून राहिला. मी त्याच्यापुढे भरिताचं ताट ठेवलं. त्याने ते सरकवलं, अक्का. लहानपणी बडगी बोटांनी पुसून खाणारा पोरगा माझा.

रविवारी त्याने नवी काच बसवली, ह्या वेळी बिजागरीवर. मला वाटलं, समजला. मग त्याने ड्रिल घेतलं आणि खाली एक छोटं पितळी कुलूप लावलं.

किल्ली त्याच्याकडे असते. मागितली की देतो, कधी नाही म्हणत नाही. मीच आता मागत नाही. जिजी फोनवर विचारते, "करमस का?" मी म्हणते, "करमस." अमळनेरच्या घरात लाईट गेली तरी हात पुढे केला की हवी ती वस्तू हाताला लागायची, आणि ती घेऊ का असं मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. घर म्हणजे तेवढंच असतं, अक्का. ते कुठल्याच पेटीत मावलं नाही.