दार सोडून, आहे तसं घर

सुतारमामांनी आपलं घर आहे त्या स्थितीत विकायला काढलं, तेव्हा गल्लीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सगळ्यांची दारं-खिडक्या सरळ करणारा माणूस, आणि स्वतःची खिडकी दोरीनं बांधलेली! म्हातारा आळशी, म्हातारा चिक्कू, म्हाताऱ्याचे हात गेले. ज्याला जे सुचेल ते.

दलाल काकुळतीला आला. "मामा, निदान ते स्वयंपाकघराचं दार तरी घासा. आवाजानंच गिऱ्हाईक पळतं."

"पळू दे."

आता खरं सांगायचं तर, दार घासा म्हणून मामीनं तीस वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. मामांचं उत्तर ठरलेलं : "रविवारी." रोज पहाटे मामी दार ढकलायची, ते फरशीवर कर्रर्र करायचं आणि मामांना जाग यायची. मामी वारली, सगळे रविवार मोकळे झाले, पण रंध्याला काही हात लागेना.

घर घेतलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांना भिंतीची ओल चालली, गळका नळ चालला. ते दार मात्र कानाला सोसेना.

"ते मी घेऊन जाणार आहे," मामा म्हणाले. "तुम्हाला नवं करून देतो. अगदी याच मापाचं."

लेकीकडे राहायला गेल्यावर त्यांनी ते दार आपल्या खोलीला बसवलं आणि हौसेनं ढकललं. दार मुकाट फिरलं. पुन्हा ढकललं. चकार शब्द नाही.

"वा बाबा, काय बसवलंय!" लेक म्हणाली.

उभा जन्म लाकडात घालवलेल्या माणसाला तेव्हा कळलं, की करकर एकट्या दाराची नव्हतीच. अर्धी त्या घरातल्या फुगलेल्या फरशीची होती. मामा दोन दिवस ते दार उगाच उघडझाप करत राहिले.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "मामा, फसवलंत की हो! नवं दारही तसंच बोंबलतंय!"

पिशवीत रंधा टाकून मामा अर्ध्या तासात हजर. चहासुद्धा नको म्हणाले. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले.

"उघडा बघू एकदा."

कर्रर्र.

"परत. जरा सावकाश. हातात भांडं असल्यावर ढकलाल ना, तसं. कोपरानं."

बाईंनी चारदा ढकललं. "कळलं का मग, काय बिघडलंय ते?"

मामा उठले. पिशवीतून रंध्याचं टोक चांगलं वीतभर बाहेर डोकावत होतं.

"कळलं की. पण रंधा घरीच राहिला बघा. येतो रविवारी."