लिफ्टवाले भाऊ

त्या सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही नवरा-बायकोनं एक चहा दोघांत घेतला — तिनं बशीत, मी कपात. मग रोजच्यासारखा मी पुढं झालो, ती मागं थांबली. त्याच्या पुढचं मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. लेकीपाशीबी न्हाई.

नांदेडच्या बाजारपेठेत सात मजली जुनी इमारत, सगळी ऑफिसंच. तवा गावात तेवढं उंच दुसरं काही नव्हतं. मी तिथं लिफ्ट चालवायचो. खाकी कपडे, पितळी बिल्ला — लई मिजास होती मला. अन् माझी बायको सोजर तिथंच ठेक्यावर जिने झाडायची. ती माझी कोण, हे मी कुणाला कळू दिलं न्हाई. कशापायी? बायको झाडू मारती याची लाज — दुसरं काय?

ती हसण्यावारी न्यायची. लोकांदेखत मुद्दाम, "काय लिफ्टवाले भाऊ, जेवलाव का?" घरी मी खवळायचो, "नवऱ्याला भाऊ म्हणतीस?"

"मग तिथं नवरा कोण हाय माझा?"

झाडणारीनं लिफ्टीत पाय ठेवायचा न्हाई, असा तिथला कायदा. पण लिफ्ट रिकामी असली की बाकीच्या बायांना मी गुपचूप वर न्यायचो. तिला कधीच न्हाई — कुणाला वहीम आला तर?

त्या दिवशी, चहानंतर थोड्या वेळानं, ती लिफ्टीच्या जाळीच्या दाराशी आली. छातीवर हात. "अवो, वर न्या. कळ येऊन राहिली." आत वरच्या ऑफिसातले एक साहेब उभे होते. मी — "बाई, जिन्यानं जा," म्हणलो, अन् दार ओढलं. कळलं न्हाई असं कसं म्हणू? तोंड बघितलं होतं मी तिचं.

पाचव्या मजल्यावर पडली. लोकांनी उचलून लिफ्टीत आणली. खाली नेताना तेच साहेब बरोबर होते, त्यांनी विचारलं, "कोण आहे ही?"

"झाडणारी हाय, साहेब."

तिचे डोळे उघडे होते. ऐकलं असंल का? — ऐकलंच असंल.

लोकांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मागून मी एकटा गेलो. तिथं सांगितलं, मी नवरा. तवर ती गेली होती. संध्याकाळी माती दिली. सासरहून, औश्याहून, लेक आली. ती आजबी चारचौघांत म्हणती, आमच्या बापानं आईला लई जपलं. मी खाली मान घालून ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला म्हणलो, सुट्टी सांगून येतो. गेलो. खाकी चढवली, लिफ्टीत उभा राहिलो. तेच साहेब आले.

"कालच्या बाईचं काय झालं रे?"

"वारली, साहेब."

"अरेरे. कुणी होतं का तिचं?"

"ठाऊक न्हाई," म्हणलो, अन् त्यांना त्यांच्या मजल्यावर सोडलं.