मालकांची खुर्ची

फर्निचरच्या दुकानात इतक्या खुर्च्यांवर बसून मी शेवटी जी पसंत केली, ती नेमकी मालकांची स्वतःची निघाली. "काका, ही विकायची नाही हो, वडिलांनी घडवलेली आहे," ते हसत म्हणाले. बायकोने कपाळाला हात लावला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, कुणाचा हात न धरता उठता येईल अशी खुर्ची तिला हवी होती, आणि दुकानं हिंडून ती थकली होती.

मला मात्र हायसं वाटलं. आधीच्या दुकानांत सागवानाची ग्वाही देणारे मालक स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. खानावळीचा मालक आपल्याच खानावळीत जेवताना दिसला की आपणही निर्धास्त पान वाढून घेतो. भरवसा असाच, न बोलता, समोर बसलेला असतो.

त्यांनी अगदी तशीच खुर्ची करून दिली. काल बायको तिच्यावरून एकटी उठली. सवयीने पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. त्या अनोळखी माणसाचे, त्याच्या वडिलांचेसुद्धा, मनातल्या मनात आभार मानत मी उभा होतो.

"बसा आता तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या हातचा चहा पुष्कळ दिवस सोसला. आज मी करते."