धुऱ्याला लोखंड न लावण्याचा दिवस

उन्हाळ्यात काका-काकू आणि त्यांची मुलं ऊसतोडीवरून परत आली की आमच्या घरी रोडग्यांचा दिवस ठरतो. दिवाळीपासून पांगलेलं घर त्या दिवशी वावरात एकत्र येतं. आमचं वावर मानोऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगर आणि वावर यांच्यामध्ये कोरडा नाला, नाल्याच्या अलीकडे आमचा धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर शेंदूर फासलेला दगडाचा देव. देवासमोर गोवऱ्या पेटवायच्या, त्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी करायची आणि नैवेद्य दाखवून सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. मला हा दिवस दिवाळीपेक्षाही आवडतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

गेल्या वर्षी मी वाशिमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा संपवून एसटीनं घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी रोडगे होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे मी काही बोलले की एकतर कौतुक होतं, नाहीतर हसू. ऐकून घेणं मात्र क्वचितच होतं.

सकाळी बैलगाडीतून वावराकडे जातानाच डोंगरावर धूर दिसला. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला कोणीतरी पेटवला असेल, तो पसरत गेला होता. आमच्या धुऱ्याजवळ निंबाच्या सावलीत बाबांनी कुटार रचून ठेवलं होतं. तुरीचा आणि सोयाबीनचा भुसा. आमच्या बैलजोडीला पावसाळ्यापर्यंत तेवढंच खायला होतं. आणि त्या ढिगापासून नाल्यापर्यंत गुडघाभर वाळलेलं गवत उभं होतं.

गाडीतून उतरल्या उतरल्या मी बाबांना म्हणाले, "बाबा, हे गवत कापून टाकू ना. आग खाली आली तं कुटार जाईन."

बाबांनी डोंगराकडे पाहिलं आणि ते काकांकडे पाहू लागले.

काका गोवऱ्या रचत होते. मान वर न करता म्हणाले, "डोंगर तं दरसाली जयते वं. तू लहान होती तवाही जयत होता. कॉलेजात हेच शिकून राह्यली काय, आगीले भ्यायचं?"

"पण काका, गवत वाळलेलं हाये..."

"मंग? उन्हाळ्यात हिरवं राह्यते काय?"

सगळे हसले. काकू सर्वांत मोठ्यानं. मीही हसले, कारण मला तेव्हा दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरात एक नियम आहे. रोडग्यांच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत धुऱ्याला लोखंड लावायचं नाही. विळा नाही, फावडं नाही, कुदळ नाही. तो देवाचा दिवस, आणि धुरा देवाचा. हा नियम कोणी घातला ते कोणालाच सांगता येत नाही, पण तो मोडल्याचंही कोणाला आठवत नाही. आणि रोडगे भाजायला दुपार होते.

"निवद झाला की सारे मिळून कापू," बाबा मला हळूच म्हणाले. "घडीभराचं काम हाये."

घडीभराचं काम आहे, म्हणूनच तर आत्ता करू, असं मला म्हणायचं होतं. मी धुऱ्यावर गेले आणि हातानं गवत उपटायला लागले. हाताला तर मनाई नव्हती. मुळं घट्ट होती, कुसळं कपड्यांत घुसत होती. चुलतभावांनी लांबून आवाज दिला, "ताई, बैलाचा हिस्सा तूच खातं काय वं?" थोड्या वेळानं भाजी काकूवर सोपवून आई आली आणि माझ्या शेजारी वाकून गवत उपटू लागली. आम्ही दोघींनी मिळून ढिगाच्या एका बाजूला अंथरूणभर रुंदीचा पट्टा मोकळा केला. माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

दुपारी वारा फिरला. निखाऱ्यांतून रोडगे काढून झाले होते, बाबांनी नैवेद्याचं ताट हातात घेतलं होतं, आणि नाल्याच्या पलीकडचं गवत तडतडायला लागलं.

"बाबा!" मी ओरडले.

"पह्यले निवद दाखव," काका म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. त्यांनी एकही रीत गाळली नाही. नारळ फोडला, हात जोडले. मी तिथं उभी राहून ते सगळं पाहत होते. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

नैवेद्य होताच फावडं उचलणारे पहिले काका होते. ते जिवाच्या आकांतानं गवत खरवडत होते, भुवया होरपळल्या तरी मागे हटले नाहीत. आम्ही प्यायला आणलेल्या ड्रममधलं पाणी ओतलं, निंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपली. आई आणि मी मोकळ्या केलेल्या बाजूनं आग आली नाही. दुसऱ्या बाजूनं आली. अर्धं कुटार गेलं.

ऊन उतरल्यावर पंगत बसली. चिरलेल्या बोटांनी मला रोडगा मोडता येईना, तेव्हा आईनं मोडून त्यावर तूप घातलं. काका म्हणाले, "निवद झाला म्हून अर्धं तरी वाचलं बाप्पा."

सगळ्यांनी माना हलवल्या. नैवेद्याआधी गवत कापलं असतं तर सगळंच वाचलं असतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण काकांच्या हाताला फोड आले होते आणि ते डाव्या हातानं जेवत होते. मी रोडग्याचा घास घेतला. नंतर बैलजोडी आत्याच्या गावी, रिसोडकडे पाठवावी लागली. पाऊस पडेपर्यंत बाबा अधूनमधून एसटीनं बैलांना पाहायला जायचे.

या वर्षी मी वाशिमहून फोनवर बाबांना विचारलं, "धुऱ्याचं गवत काढलं काय?"

"काढतो ना," ते म्हणाले.

मी एक दिवस आधीच घरी गेले. गवत तसंच होतं, कुटारही त्याच निंबाखाली होतं, सावली चांगली आहे म्हणून. आदल्या दिवशी लोखंड चालतं. आई आणि मी विळे घेऊन संध्याकाळपर्यंत नाल्याच्या काठापर्यंतचं सगळं गवत कापलं. बाबांनी शेवटी फावड्यानं मुळं खरवडून दिली.

दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार होतं. डोंगरावर धुराची रेघसुद्धा नव्हती. पंगतीत काकांनी उघड्याबोडक्या धुऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पाह्य, झालं काय काई? फुकट मायलेकी राबल्या. काहून एवढं भ्यायचं?"

सगळे हसले. मी बाबांकडे पाहिलं. तेही हसत होते.

आज डोंगर पेटायला हवा होता, असं क्षणभर माझ्या मनात आलं. मग निंबाखालच्या ढिगाकडे नजर गेली. मी ताट पुढे करून काकूला तूप मागितलं.