शेंदूर फासलेला खांब

शेंदरानं माखलेली ती म्हातारी बोटं आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

त्या वर्षी उज्जैनमध्ये महापालिकेनं बेकायदा बांधकामांची तपासणी वर्षभर चालवली होती. मी पोलीस ठाण्याचा प्रभारी, त्यामुळे बंदोबस्त आमच्या गळ्यात. लोक भांडत, रडत, पुढाऱ्यांना फोन लावून आमच्या कानाला देत. एका घरमालकानं यात्रेकरूंसाठी खोल्या काढताना दोन मजले जास्तीचे चढवले होते. त्याला नोटीस दिली. तळमजल्यावरच्या मधल्या खांबाला शेंदराचा जाड चोला, म्हणजे लेप होता, वर चांदीचे डोळे. घरचे भेरूजी, म्हणजे भैरव. मालकाची म्हातारी आई त्यांना टेकून जप करत बसली होती. महापालिकेच्या निरीक्षकानं चपला काढल्या, आम्ही बूट काढले. बाकीचे खांब ठोकून बघणारा तो माणूस या खांबाला हात जोडून पुढे गेला.

काही दिवसांनी मालकाची बायको ठाण्यात आली. नवरा आणि मुलांसह ती शहरातल्याच माधवनगरला राहायला गेली होती; सासू मात्र जुन्याच घरात होती.

"साहेब, सासूबाईंना तिथून काढा," ती म्हणाली. "हे मुलांना त्या घरात पाय ठेवू देत नाहीत. विचारलं तर चिडतात. आणि स्वतः रोज जाऊन चोला चढवतात."

चोला चढतो मंगळवारी नाहीतर शनिवारी. रोज कशाला? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मालकाला बोलावलं. तो देवाधर्माचं फार बोलू लागला. चोर मनाची माणसं चौकशीत असंच बोलतात. मी वाद घातला नाही.

"ठीक आहे. आज मुलांना घेऊन तिथेच मुक्काम करा. सोबत शिपाई देतो."

त्यानं घाईनं हात जोडले. "मुलं नको, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. खोल्यांसाठी त्यानं मधली भिंत पाडली आणि खांबाला तडा गेला. भेग वाढे, तसा तो शेंदूर लिंपे.

"आणि आई?"

"पूजेला कोणी बसलं नाही तर लोकांना शक येतो ना."

नोकरीत मी खून पाहिले होते. पण असं थंड उत्तर ऐकलं नव्हतं.

घर रिकामं केलं, छताला लोखंडी टेकू लावले. चोला खरवडायला मात्र एकही मजूर पुढे होईना. शेवटी म्हातारीच म्हणाली, "सेवा मी केली, मीच काढते." शेंदराची खपली निघाली आणि तिची बोटं भेगेत आत गेली. ती माझ्याकडे वळली.

"त्याला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग मला रोज याला टेकून का बसवत होता?"

सुनेनं पुढे होऊन तिचा माखलेला हात धरला.

गुन्हा दाखल झाला, जास्तीचे मजलेही उतरवले. तेव्हापासून माणूस किती भक्ती दाखवतो ते मी बघत नाही. तो धोक्यापासून कोणाला दूर नेतो आणि कोणाला तिथेच ठेवतो, ते बघतो. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. तिला ते सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.